मुलाखती ‘कोड’ करा म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तालुक्याच्या गावांतल्या किराणा दुकानदारांच्या २४ मुलाखती घेतल्या आहेत, सगळ्या मराठीत. मार्गदर्शक म्हणाले, “आता कोड करून आण.” तिने पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकायला घेतली. मग वाचनात ‘कोड-स्विचिंग’ आलं, ‘युनिकोड’ आला, ‘एनआयसी कोड’ आला आणि गोंधळ वाढतच गेला. तिचं विचारणं असं: हे सगळे कोड एकच का? मला यातला कुठला करायचा आहे? आणि प्रबंध मराठीत लिहायचा तर याला म्हणायचं काय?

मी गेली २२ वर्षं बाजार-संशोधनासाठी मुलाखती घेते, त्या कोड करते आणि नव्या मुलामुलींना करायला शिकवते. पायथॉन शिकलात ते वाया जाणार नाही, पण मार्गदर्शकांना ते म्हणायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं होतं: मुलाखती ओळ न् ओळ वाचा आणि बोलण्याच्या प्रत्येक अर्थपूर्ण तुकड्याला एक छोटं नाव द्या, म्हणजे २४ माणसांचं बोलणं शेजारी-शेजारी मांडून बघता येईल. ते नाव म्हणजे कोड.

एवढ्यावर उत्तर संपवता आलं असतं. पण तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे, कारण हे बाकीचे कोडही तुमच्या त्याच मुलाखतींत बसलेले आहेत, आणि एकाकडे काणाडोळा केला की दुसऱ्यात चूक होते. म्हणून सविस्तर लिहिते.

मराठीला ‘कोड’ हा उच्चार नवा नाही. अंगावर पांढरे डाग येतात ते कोड. लेकराचे पुरवतो तेही कोड, कोडकौतुक त्यातलंच. कोडं घालतात आणि सोडवतात. इंग्रजीतून आलेल्या ‘कोड’चा यांच्याशी काही संबंध नाही, पण मराठी मजकुरात ‘कोड’ शोध असं संगणकाला सांगितलंत तर तो ही सगळी मंडळी एका रांगेत उभी करेल. अक्षरं तीच, अर्थ निरनिराळे. कुठला घ्यायचा हे अक्षरांत लिहिलेलं नसतं. बोलणाऱ्यांचं आपसांत आधी जे ठरलेलं असतं, त्यावरून ते कळतं.

हे मला सगळ्यात आधी आजोबांच्या कापडाच्या दुकानात कळलं. प्रत्येक साडीच्या घडीत एक चिठ्ठी खोचलेली असायची. वर आकड्यांत विक्रीची किंमत, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी, म्हणजे उदाहरणार्थ ‘प ग ती’. मला वाटायचं, ते कापडाचं नाव असेल. पाचवीच्या सुट्टीत आजोबांनी फोड करून सांगितली. ‘श्री गणपती महाराज’ ही नऊ अक्षरं. श्री म्हणजे १, ग २, ण ३, प ४, ती ५, म ६, हा ७, रा ८, ज ९, आणि शून्याला टिंब. ‘प ग ती’ म्हणजे ४२५, ती साडी आम्हाला पडलेली किंमत. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की दुकानातला माणूस चिठ्ठीकडे नुसती नजर टाकायचा आणि कुठवर खाली यायचं ते त्याला कळायचं. चिठ्ठी गिऱ्हाईकाच्या हातात असली तरी बिघडत नसे.

पुढे मी भाषाशास्त्र वाचलं, संगणकाशी झटापट केली, संशोधनात पडले. प्रत्येक ठिकाणी ‘कोड’ शब्द भेटला की मी त्या चिठ्ठीचेच प्रश्न विचारत आले: खूण कोणती, ती कशाच्या जागी उभी आहे, ते कुणी ठरवलं, आणि ठरवलेलं कुठे लिहून ठेवलंय?

शब्दाचं मूळ मात्र लाकडात आहे. लॅटिनमध्ये ‘कौडेक्स’ म्हणजे झाडाचं खोड, ठोकळा. मेण लावलेल्या लाकडी पाट्या एकत्र बांधून त्यावर लिहीत, त्या बांधणीला कोडेक्स म्हणू लागले. मग बांधलेल्या कुठल्याही पुस्तकाला, आणि पुढे कायद्याच्या पुस्तकाला. सम्राट जस्टिनियनचा कोडेक्स इ.स. ५२९ चा, नेपोलियनची नागरी संहिता १८०४ ची. गोव्यात आजही जो समान नागरी कायदा आहे त्याच्या मुळाशी १८६७ ची पोर्तुगीज संहिताच आहे. मराठीने इथे शहाणपणाने वेगळा शब्द वापरला. कायद्याची ती संहिता, निवडणुकीच्या वेळची ती आचारसंहिता, आणि खुणांचा तो संकेत. इंग्रजीत एकाच शब्दावर पडलेला भार आपण दोघांवर वाटून दिला. तुमच्या प्रबंधात कंपन्यांच्या ‘कोड ऑफ कंडक्ट’चा उल्लेख आला तर आचारसंहिता लिहा आणि पुढे जा, त्याचा तुमच्या कामाशी संबंध नाही.

गुप्तपणा हा कोडचा आवश्यक भाग नाही, हेही इथेच सांगते. लहानपणीची ‘च’ची भाषा आठवा: ‘घरी’चं ‘चरीघ’. ती लपवण्यासाठी होती. पण तारायंत्राच्या काळात व्यापाऱ्यांनी जी कोडपुस्तकं वापरली ती मुख्यतः पैसे वाचवायला. तारेला शब्दागणिक आकार पडे, म्हणून अख्ख्या वाक्याच्या जागी एकच शब्द ठरवून ठेवलेला असे: माल निघाला, भाव उतरला, पुढची खरेदी थांबवा. ती पुस्तकं छापून उघड विकली जात. पिन कोड तर देशातल्या प्रत्येकाला माहीत असावा म्हणूनच १९७२ साली आणला. सुरुवातीचा ४ दिसला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या बाजूचं, आणि ४०३ दिसला की गोव्याचंच.

आता संगणकाकडे येऊ, कारण तुमची पहिली उडी तिकडे पडली. प्रोग्रॅम लिहिण्याला ‘कोडिंग’ का म्हणतात? सुरुवातीच्या संगणकांवर काम दोन टप्प्यांत होई. आधी गणित कसं सोडवायचं याचा आराखडा, आणि मग तो आराखडा यंत्राला कळणाऱ्या आज्ञांच्या अंकांत उतरवणं. हा दुसरा टप्पा म्हणजे कोडिंग. गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांच्या १९४७ च्या अहवालाच्या नावातच ‘प्लॅनिंग अँड कोडिंग’ अशी दोन वेगळी कामं आहेत. हळूहळू पहिलं काम नजरेआड गेलं आणि सगळ्यालाच कोडिंग म्हणायला लागले.

आणि इथे तुमच्या विषयाशी खरं नातं निघतं. हर्मन होलेरिथची भोकं पाडलेल्या कार्डांची यंत्रं अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत वापरली गेली. माणसाने सांगितलेली माहिती कार्डावरच्या भोकाच्या जागेत उतरवायची, आणि ते करायला आधी प्रत्येक उत्तराला एक जागा, एक अंक ठरवायचा. सर्वेक्षणाचं कोडिंग आणि संगणकाचं कोडिंग या भोकांच्या कार्डांपाशी एकमेकांना भेटतात. तुमच्या विभागाच्या कपाटात जुन्या प्रश्नावल्या असतील तर काढून बघा. उजव्या कडेला छोटे चौकोन आणि त्यांच्यावर १ ते ८० मधले अंक छापलेले दिसतील. आयबीएमच्या कार्डाला ८० स्तंभ असत. कुठलं उत्तर कुठल्या स्तंभात, त्याचे ते अंक. कार्डं गेली, चौकोन बरीच वर्षं तसेच छापले जात राहिले.

पण तुमच्या मराठी मुलाखतींना संगणकातला जो कोड खरोखर अडवणार आहे तो अक्षरांचा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक संकेतांक असतो. देवनागरीसाठी १२८ जागांचा पट्टा राखलेला आहे, २३०४ ते २४३१. त्यात ‘क’चा संकेतांक २३२५, ‘र’चा २३५२. इथवर सरळ आहे. आता ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या, जो तुमच्या मुलाखतींत पानोपानी असणार. त्यातला ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी टंकता येतो. एकात २३५३ क्रमांकाचं स्वतंत्र अक्षर, मग हलन्त २३८१, मग य २३५१. दुसऱ्यात साधा र २३५२, मग हलन्त, मग ८२०५ क्रमांकाचं एक अदृश्य जोडचिन्ह, आणि मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द.

हे अक्षर हौसेचं नाही. ‘आचार्यांना वाढा’ आणि ‘आचाऱ्यांना वाढा’ यात जेवायला कोण बसलंय ते याच्यावर ठरतं. माझ्या एका अभ्यासात दोघांनी ध्वनिमुद्रणं उतरवली होती, दोघांचे कळफलक निराळे. ‘सगळ्या मुलाखतींत शोधा’ म्हटलं की अर्ध्याच मुलाखती वर यायच्या, आणि आम्ही दोन आठवडे असं समजत होतो की ठरावीक गावांतले लोक ‘दुसऱ्या दुकाना’बद्दल बोलतच नाहीत. बोलत होते. आमचं टंकन दुभंगलं होतं. म्हणून कोड करायला बसण्याआधी सगळा मजकूर एका पद्धतीत आणा. युनिकोडचं सर्वसाधारण प्रमाणीकरण यात पुरं पडत नाही, कारण ते अदृश्य जोडचिन्ह ते काढत नाही. ती अदलाबदल तुम्हाला स्वतः करावी लागेल. तुमचं पायथॉन इथे कामी येईल, चार ओळींचं काम आहे. आणि कुणी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकून दिलं असेल तर ते आधी बदलून घ्या. तिथे दिसायला देवनागरी असलं तरी खालचे संकेतांक रोमन अक्षरांचे असतात आणि फॉन्ट काढला की कचरा उरतो.

भाषाशास्त्रात ‘कोड’ म्हणजे भाषा किंवा बोलण्याची एखादी ठेवण. भाषा, बोली, लकब, यातलं काय म्हणायचं हा वाद टाळायला भाषाशास्त्रज्ञ ‘कोड’ म्हणतात, आणि बोलता बोलता एकातून दुसऱ्यात जाण्याला कोड-स्विचिंग. याचा एक गाजलेला अभ्यास आपल्या सांगलीजवळच्या कुपवाडचा आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तो १९७१ साली प्रसिद्ध केला. गावात मराठी, कानडी, उर्दू, थोडी तेलुगू. शतकानुशतकं एकमेकांशी व्यवहार करताना या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतल्या वाक्याच्या प्रत्येक तुकड्याच्या जागी दुसऱ्या भाषेतला तुकडा ठेवला की वाक्य तयार. भाषा मात्र वेगळ्याच राहिल्या, कारण घरात कुठली बोलायची यावर आपण कोण ते ठरत होतं. सारखं झालेलं असूनही लोकांनी शब्दांचा फरक जपला, हे मला त्या अभ्यासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता तुमच्या दुकानदारासारखंच एक बोलणं बघू. माझ्या वहीतलं आहे, ओळख पटेल असं काढून टाकलंय:

“कंपनीचं पेमेंट वेळेवर करावंच लागतं, नाहीतर स्कीम मिळत नाही. पण गावातल्याची उधारी मी वहीत मांडून ठेवतो. उधारीमुळं गिऱ्हाईक बांधलेलं राहतं. नाहीतर ते दुसऱ्या दुकानात जातं.”

कंपनीबद्दल बोलताना ‘पेमेंट’, ‘स्कीम’. गावाबद्दल बोलताना ‘उधारी’, ‘मांडून ठेवतो’, ‘बांधलेलं’. पैसा दोन्हीकडे तोच. पण एक नातं तो परक्या भाषेत बोलतोय आणि एक घरच्या. हा बदल त्याने ठरवून केलेला नाही, म्हणूनच तो विश्वासाचा आहे. मुलाखत उतरवताना कुणी ‘पेमेंट’चं ‘देयक’ केलं तर हे सगळं पुसलं जाईल. जसं बोलला तसं उतरवा.

आता व्यवसाय-संशोधनातला कोड. यातही दोन जाती आहेत, आणि पुस्तकं त्या फारशा वेगळ्या काढत नाहीत.

पहिली अंकांची. ही बहुधा आधीच कुणीतरी ठरवलेली असते. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात, म्हणजे एनआयसी २००८ मध्ये, तुमचे किराणा दुकानदार ४७११ या वर्गात येतात. छोट्या उद्योगांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीलाही याच यादीतला कोड मागतात. तो प्रबंधात नमुन्याचं वर्णन करताना द्या. पण यादीचा कर्ता तुमच्या दुकानात आलेला नव्हता, हे विसरू नका. मी पाहिलेल्या कितीतरी दुकानांच्या मागच्या खोलीत पिठाची गिरणी असते. धान्य दळणं हा वेगळा वर्ग, १०६१. पण बहुतेकदा मुख्य धंद्याचा कोडच तेवढा नोंदला जातो आणि घरातल्या बाईने चालवलेली गिरणी कागदावरून नाहीशी होते. अशा गोष्टी मुलाखतीतून सापडतात, त्या लिहा.

अंकांच्या कोडमध्ये मी स्वतः खाल्लेली एक ठेच सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सर्वेक्षणात वय न सांगणाऱ्यांना ९९ कोड दिला होता. २०० जणांत असे १२ होते. सरासरी काढताना ते वगळायचं राहिलं आणि खरी ३४ ची सरासरी ३७.९ झाली. अहवाल ग्राहकाकडे गेला होता. ९९ हा आमच्या यादीत ‘उत्तर नाही’ होता, संगणकाच्या लेखी तो नव्व्याण्णव वर्षांचा माणूस होता. त्या दिवसापासून वयाच्या रकान्यात मी वय असू शकेल असा आकडा ‘उत्तर नाही’साठी कधीही वापरलेला नाही.

दुसरी जात म्हणजे तुमची: बोलण्यातून काढायचे कोड. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली ही रीत बांधून दिली. कोड आधी ठरवून जायचं नाही, ते वाचता वाचता बोलण्यातून वर येऊ द्यायचे. वरचा उतारा माझ्या एका हुशार विद्यार्थ्याने कोड केला होता. त्याने आधी सगळ्या मुलाखतींचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ‘उधारी’च्या तुकड्यापुढे लिहिलं ‘क्रेडिट रिस्क’, म्हणजे उधारी बुडण्याचा धोका. पुस्तकात बघायला गेलं तर चूक नाही. पण पुन्हा उतारा वाचा. दुकानदार धोक्याबद्दल एक अक्षर बोललेला नाही. तो म्हणतोय, उधारी हा गिऱ्हाईक धरून ठेवायचा दोर आहे. त्याचा कोड त्याच्याच तोंडात होता: ‘बांधलेलं गिऱ्हाईक’. बोलणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा कोड म्हणून उचलायला ‘इन विवो’ कोड म्हणतात. आम्ही त्या सगळ्या मुलाखती मराठीतून पुन्हा कोड केल्या. दुसऱ्या एका दुकानदारीण बाईंनी तोच दोर उलटा दाखवला: गिऱ्हाईक उधारी थकवतं आणि मग तोंड चुकवायला दुसऱ्या दुकानात जायला लागतं. बांधायचा दोरच तोडणारा ठरतो. ‘क्रेडिट रिस्क’च्या कप्प्यात ही दोन्ही माणसं एकसारखीच दिसली असती.

म्हणून माझा आग्रह आहे, आणि यावर मी मार्गदर्शकांशीही भांडले आहे: मराठी मुलाखती मराठीतच कोड करा. शोधनिबंध इंग्रजीत छापायचा असला तरी भाषांतर शेवटी करा, आणि फक्त जे उतारे छापणार त्यांचंच. भाषांतर आधी केलंत तर भाषांतर करताना घेतलेले निर्णयही कोडच असतात, फक्त ते तुम्ही कुठे लिहून ठेवलेले नसतात.

पद्धत अशी ठेवा. पहिल्या चार-पाच मुलाखती सैल हाताने कोड करा, साठ-सत्तर नावं निघाली तरी निघू द्या. मग एक दिवस मध्ये जाऊ द्या. नंतर सारखे दिसणारे कोड एकत्र आणा आणि कोडपुस्तक लिहायला घ्या. प्रत्येक कोडला नाव, दोन वाक्यांत अर्थ, कधी लावायचा, कधी लावायचा नाही, आणि एक खरा उतारा. यातलं ‘कधी लावायचा नाही’ हे लोक गाळतात आणि तेच सगळ्यात उपयोगी पडतं. अर्थ बदलला की तारीख घालून नोंद करा आणि मागच्या मुलाखती पुन्हा तपासा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

मग हे पुस्तक एखाद्या मैत्रिणीला देऊन तिच्याकडून तेच तुकडे स्वतंत्रपणे कोड करून घ्या. नुसत्या ‘८६ टक्के जुळलं’ या आकड्यावर समाधान मानू नका. समजा १०० तुकड्यांपैकी प्रत्येकीने आपापल्या मते ८० ठिकाणी एक कोड लावला आणि २० ठिकाणी लावला नाही. मग डोळे मिटून लावला असता तरी ६८ ठिकाणी जुळलं असतं (८० टक्के गुणिले ८० टक्के, अधिक २० गुणिले २०). ‘कोहेनचा कप्पा’ नावाचं जुळणी मोजायचं एक माप हे योगायोगाचं जुळणं वजा करतं: ८६ वजा ६८, भागिले १०० वजा ६८, म्हणजे ०.५६. ८६ ऐकून वाटतं तेवढं काम चोख झालेलं नाही. जिथे जुळलं नाही त्या १४ तुकड्यांवर दोघींनी चहा घेऊन बसा. मला आजवर नव्या कल्पना सगळ्यात जास्त याच बैठकीत सुचल्या आहेत.

प्रबंधातल्या शब्दांबद्दल: मी ‘कोड’ असंच लिहिते आणि क्रियेला ‘संकेतन’. अंकी कोडला ‘संकेतांक’, यादीला ‘कोडपुस्तक’. पहिल्या प्रकरणात एकदा व्याख्या द्या आणि शेवटपर्यंत तीच पाळा. ‘कूट’ वापरू नका, त्यात लपवाछपवीचा वास येतो आणि तुम्ही काही लपवत नाही आहात. कोडपुस्तक परिशिष्टात पूर्ण जोडा, तारखांसकट. मार्गदर्शक पानं कमी करायला सांगतील. तेव्हा दुसरं काहीतरी कमी करा.

आजोबा गेल्यावर दुकान आवरताना माळ्यावर एक गाठोडं निघालं. आत जुन्या इरकली साड्या, घड्या न मोडलेल्या, प्रत्येकीत चिठ्ठी. पण अक्षरं ‘श्री गणपती महाराज’मधली नव्हती. त्याआधीचं कुठलं तरी वाक्य होतं, आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्यातलं. आम्ही दुपारभर देवांची, गावांची, आज्यांची नावं लावून बघितली. कुठलंच बसलं नाही. शेवटी वडिलांनी एकेक साडी उजेडात उलगडली, पदर बोटांत धरून पाहिला आणि अंदाजाने किमती लिहिल्या.